दमा मोजून ठरवायचा: कोल्हापुरातल्या ओपीडीतून

स्टेथोस्कोप लावला आणि घरघर ऐकू आली नाही, म्हणजे दमा नाही असं समजू नये. दम्यात श्वासनलिका चोवीस तास सारख्या आवळलेल्या नसतात. पहाटे तीनला उशा रचून खिडकीशी बसलेला माणूस दुपारी बाराला ओपीडीत येतो, तेव्हा पुष्कळदा त्याची छाती स्वच्छ असते, ऑक्सिजन ९८ असतो आणि एक्स-रेही नॉर्मल येतो. त्याला ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवणं सोपं. खोकला आणि धाप एवढंच ऐकून पंप लिहून देणंही तितकंच सोपं. दोन्हीकडे एकच गोष्ट राहते. श्वासनलिका किती आवळतात आणि किती मोकळ्या होतात, हा फरक कुणी मोजलेला नसतो.

कॅनडात याचा एक चांगला अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलेले ६१३ प्रौढ पुन्हा नीट तपासले, औषधं टप्प्याटप्प्याने कमी करून पाहिली. त्यातल्या २०३ जणांत दम्याचा पुरावा सापडला नाही. काहींचा दमा शांत झाला असेल, काहींचं दुखणं मुळातच वेगळं होतं. पहिल्या निदानाच्या वेळी ज्यांची फुंकेची तपासणी झाली नव्हती, अशांचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं.

पहिल्या भेटीत ‘दम लागतो का?’ या प्रश्नाचा काही उपयोग नाही. लागतो म्हणूनच माणूस आलेला असतो. आम्ही विचारतो ते असं: रात्री झोप मोडते का, किती वाजता? कुठल्या महिन्यात जास्त? हसताना, जिना चढताना, थंड वाऱ्यात मोटारसायकल चालवताना खोकल्याची उबळ येते का? वाफ किंवा पंप घेतल्यावर किती मिनिटांत बरं वाटतं? लहानपणी बाळदमा होता का? सकाळी शिंका, नाक बंद, अंगाला खाज? ‘रातच्याला तीन-साडेतीनला उठून बसावं लागतंय, दिवसा मातर कायबी न्हाई’ असं एखादी मावशी सांगते, तेव्हा दम्याची शक्यता बरीच वाढते. उलट, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेलेली, रोज सारखीच लागणारी धाप असेल, तर आधी विडी आणि चूल यांची चौकशी करावी. कोल्हापूरकडे आंघोळीच्या पाण्याचा बंब अजून पुष्कळ घरी पेटतो. गॅस आला म्हणून धूर गेला, असं धरून चालत नाही.

मग औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगायची. रक्तदाबाची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल, तर कोरडा खोकला तिचाच असू शकतो. रक्तदाब-हृदयासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गोळी दमा चिघळवते, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही चिघळवतात. डोळ्यांत घालायचं म्हणून ते कुणी औषधांत मोजतच नाही. अंगदुखीच्या गोळीनंतर तासा-दोन तासांत नाक गळून दम लागत असेल, त्यात नाकात कोंब असतील, तर अ‍ॅस्पिरिन गटाच्या वेदनाशामकांशी त्याचा संबंध आहे. तसं केस पेपरवर लाल शाईने लिहून ठेवतो.

कामधंद्याला स्वतंत्र पाच मिनिटं द्यावीत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ‘काम करतो’ एवढ्यावर थांबू नये, कुठल्या खात्यात ते विचारावं. कोअर शॉपमधल्या काही रेझिनमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, पीयू पेंटच्या फवारणीतही असतं, आणि कामातून होणाऱ्या दम्याचं ते ओळखीचं कारण आहे. वाळूचं काम, फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) असेल तर सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, डोक्यात ठेवून एक्स-रे बघावा. इचलकरंजीच्या लूमवरच्या माणसाची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळत असेल, तर तो सुताच्या धुळीचा आजार असू शकतो. हुपरीची चांदी म्हणजे डाख आणि अ‍ॅसिडची वाफ, चप्पल कारागिरांकडे सोल्युशनचा वास, गुऱ्हाळावर चुलवाणाचा धूर. विचारायचं एवढंच, की सुट्टीत, गावी गेल्यावर बरं वाटतं का? मिरची कांडपाजवळ ठसका लागतो, ही मात्र खूण धरू नये. तो सगळ्यांनाच लागतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी आधी. यात तडजोड नाही. हिमोग्लोबिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे एकदा व्हावा. दम्यात एक्स-रे बहुधा स्वच्छच असतो. तो काढायचा तो दुसरं काही निसटू नये म्हणून.

त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकून करायची तपासणी. सकाळी येताना पंप घेऊन आलात तर तपासणीचा अर्थ निम्मा जातो, म्हणून अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावं: साल्ब्युटामॉल (लगेच आराम देणारा निळा पंप) ४ तास आधी बंद, दिवसातून दोनदा घ्यायचा जोडपंप (स्टेरॉइड आणि नळी खुली करणारं औषध एकत्र असलेला) २४ तास, एकदाच घ्यायचा असेल तर ३६ तास. अर्थात मध्येच दम लागला तर पंप घ्यायचा, तपासणी पुढे ढकलता येते. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर जोराची फुंक नको. क्षयाची शंका असेल, तर थुंकीचा रिपोर्ट आल्याशिवाय मशीनला तोंड लावायचं नाही.

ही तपासणी मशीन जितकं करतं त्याहून जास्त तंत्रज्ञ करतो. रुग्णाला ताठ बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, नाकाला चिमटा. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्यावी, काढली की ओठांतून हवा निसटते. पूर्ण श्वास आत, मग अजिबात न थांबता एकदम जोरात फुंक, आणि फुंकत राहायचं, हवा संपली असं वाटलं तरी. ‘जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका’ हे ओरडणं शेजारच्या खोलीत ऐकू जायला हवं. ज्या लॅबमध्ये ते ऐकू येत नाही, तिथला रिपोर्ट आम्ही जरा संशयानेच वाचतो. चुकतं कुठे तर श्वास पुरता भरलेला नसतो, पहिल्या सेकंदात खोकला येतो, जीभ नळीच्या तोंडाशी येते, किंवा दोन-तीन सेकंदांत फुंक सोडून दिली जाते. आलेखाचं टोक बोथट किंवा शेपूट मध्येच तुटलेली दिसली, की आकडे बघायचेच नाहीत, पुन्हा फुंकायला लावायचं. स्वीकारण्याजोग्या तीन फुंका हव्यात आणि त्यातल्या चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको.

मग स्पेसरमधून (पंपाला लावायच्या पोकळ प्लास्टिकच्या नळकांड्यातून) साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे ४ फवारे, एकेक करून. पंधरा मिनिटं बाहेर बाकावर. पुन्हा तेच. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही-१, किमान १२ टक्के आणि शिवाय किमान २०० मिलिलिटर वाढली, तर श्वासनलिका औषधाने खुलतात असं म्हणता येतं. आधी १.८२ लिटर, नंतर २.१४. वाढ ३२० मिलिलिटर, साडेसतरा टक्के. हे चोख उत्तर झालं. आधी ०.९०, नंतर १.०३ असेल तर टक्के चौदा दिसतात, पण वाढ १३० मिलिलिटरचीच. हा दम्याचा पुरावा नव्हे, टक्क्यांना भुलून तो तसा लिहिला जातो. याबरोबर एफईव्ही-१ आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकेत बाहेर पडणारी एकूण हवा) यांचं गुणोत्तर कमी आहे का तेही पाहायचं. प्रौढांत ते साधारण ०.७५ ते ०.८० च्या वर असतं, वयानुसार थोडं उतरतं.

तपासणी नॉर्मल आली, तर दमा नाही असं लिहून फाइल बंद करू नये. चांगल्या दिवशी ती नॉर्मलच येणार. अशा वेळी फुंकेचा जास्तीत जास्त वेग मोजणारं पीक फ्लो मीटर घरी द्यावं. प्लास्टिकची नळी, आतला काटा सरकतो, वीज लागत नाही. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, औषधाआधी, उभं राहून तीन फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत. असं दोन आठवडे. दिवसाचा मोठा आकडा वजा लहान, भागिले दोघांची सरासरी. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० असेल, तर फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे २२ टक्के. रोजच्या अशा टक्क्यांची सरासरी प्रौढांत १० च्या वर गेली, तर चढउतार दम्यासारखा आहे. कारखान्यातल्या कामाची शंका असेल, तर दिवसातून किमान चारदा आकडे हवेत आणि कामाचे दिवस व सुट्ट्या दोन्ही त्यात यायला हवेत. वहीत सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले दिसतात तेव्हा ती आदल्या रात्री भरली आहे हे कळतंच. रागवायचं नाही, परत द्यायची.

एवढं करूनही ठरलं नाही, तर मोठ्या रुग्णालयात श्वासनलिका आवळणारं मेथाकोलिन देऊन एफईव्ही-१ २० टक्के उतरतो का हे पाहतात. रक्तातले इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड यांची मदत होते. नायट्रिक ऑक्साइड ५० पीपीबीच्या वर असेल तर दम्याच्या बाजूने वजन पडतं. लांबलचक अ‍ॅलर्जी पॅनलबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. त्यातून दमा सिद्ध होत नाही. लोक मात्र रिपोर्ट वाचून दही, केळी, वांगी, भात सगळं सोडून अशक्त होऊन येतात. आयजीई, म्हणजे रक्तातली अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं, विचारावं ते वेगळ्या कारणासाठी. दमा आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी घट्ट खडे पडतात, एक्स-रेवरचे डाग जागा बदलतात, अशा वेळी अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी शोधायला हवी. त्या बुरशीविरुद्धचं आयजीई ०.३५ किंवा जास्त आणि एकूण आयजीई ५०० किंवा जास्त, ही २०२४ साली सुधारलेली मर्यादा आहे. आधी ती १००० होती.

औषधाकडे येताना पहिलं म्हणजे फक्त निळा पंप देऊन कुणाला घरी पाठवू नये. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’च्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून हे स्पष्ट सांगितलं आहे. साल्ब्युटामॉल नळी साधारण चार ते सहा तासांसाठी खुली करतं, आतली सूज तशीच राहते. बरं वाटतं, म्हणून माणूस डॉक्टरकडे येत नाही, दुकानातून आणखी एक पंप नेतो. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर अटॅकचा धोका वाढलेला असतो.

आमची पहिली निवड बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, २०० आणि ६ मायक्रोग्रॅमचा. त्रास क्वचित असेल, तर दम लागेल तेव्हा एक मात्रा. आठवड्यातले बरेच दिवस त्रास किंवा रात्रीची जाग असेल, तर सकाळी एक, रात्री एक, आणि मध्ये दम लागला तर त्याच पंपाची आणखी एक. त्याहून जास्त असेल तर दोन-दोन. दिवसात सगळ्या मिळून १२ मात्रांच्या वर जायचं नाही, आणि तिथवर जायची वेळ आलीच तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ही ‘लागेल तसा जास्तीचा’ पद्धत प्रत्येक जोडपंपाला लागू नाही. साल्मेटेरॉल किंवा विलँटेरॉल असलेला पंप असा घेऊ नये, त्याच्यासोबत सुटकेचा, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा, पंप वेगळा लागतो. दुकानदाराने ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून बदलून दिलं, की नेमकी इथे चूक होते.

‘पंपाची सवय लागंल की ओ डॉक्टर’ हे वाक्य दिवसभर ऐकावं लागतं. भाषण देण्यापेक्षा हिशेब मांडलेला बरा. पंपाच्या एका मात्रेत स्टेरॉइड २०० मायक्रोग्रॅम. अटॅकमध्ये दिलेली प्रेडनिसोलोनची गोळी ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही आणि पंपाचं औषध थेट छातीत उतरतं, पण कागदावर २०० आणि ४०,००० शेजारी लिहिले की माणूस गप्प होऊन विचार करतो. पंप नको म्हणून पुडीवर राहिलेले लोक पाहिले, की हा हिशेब आणखी पटतो. ‘गावठी’ म्हणून दिलेल्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. तोंड गोल, दंडावर निळे डाग, नवी साखर, आणि दमा मात्र ‘एकदम कंट्रोलात’. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल, तर एका दिवसात बंद करायला सांगू नये. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थंडावलेलं असतं, सकाळचं कॉर्टिसॉल तपासून हळूहळूच उतरवावं लागतं. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला जाणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही. पंप पिशवीत असू द्या आणि रोजची मात्रा चुकवू नका, एवढंच सांगतो.

पंप लिहून दिला म्हणजे औषध फुफ्फुसात गेलं असं नाही. प्रत्येक भेटीत ‘घेता ना नीट?’ असं न विचारता ‘घेऊन दाखवा’ म्हणायचं. फवाऱ्याचा पंप असेल तर हलवला का, आधी श्वास सोडला का, दाबणं आणि ओढणं एका वेळी झालं का, हे बघायचं. ओढायचं सावकाश, चार-पाच सेकंद, मग दहा सेकंद श्वास धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवून. तोंडातून पांढरा धूर बाहेर आला, तर औषध बाहेर गेलं. स्पेसर लावला की हा सगळा मेळ सोपा होतो, म्हणून आम्ही तो जवळजवळ सगळ्यांनाच देतो. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला चिकटतं.

पावडरची कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राचं नेमकं उलट. तिथे जोरात, खोल ओढायचं. कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात घालायची, वरपर्यंत दाबायची, तळ फिरवून ती सुटली का पाहायचं. यंत्रात फुंकर मारायची नाही, तोंडातल्या ओलीने पावडर गोळा होते. पावसाळ्यात राधानगरी, गगनबावड्याकडे ही तक्रार नेहमीची. कॅप्सूल आधी काढून खिशात ठेवू नये, हात कोरडा हवा, बाटलीचं झाकण लगेच लावावं. ओढून झाल्यावर यंत्र उघडून पावडर उरली का बघावं, उरली असेल तर परत ओढावं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे अजूनही भेटतात, त्यांना कुणी दाखवूनच दिलेलं नसतं. कुठलाही स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरून गुळण्या करून थुंकायचं, नाहीतर जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो.

घराबद्दल थोडं. पंचगंगेचा पूर ज्या घरात शिरला, तिथल्या भिंती पुढे कितीतरी महिने ओल धरतात. रंगाखाली काळी बुरशी दिसत असेल तर प्लॅस्टर खरवडून, वाळवून मगच रंग द्यावा, वरून रंग मारून ती जात नाही. साफसफाई दमेकऱ्याने स्वतः करू नये. जोतिबाच्या यात्रेला गुलालात जायचंच असेल तर मास्क लावून, रोजची मात्रा घेऊन, आणि पंप वरच्या खिशात. फ्लूची लस दरवर्षी. गरोदरपणात पंप बंद करू नये, आईचा दमा बिघडणं हेच बाळाला जास्त धोक्याचं.

अटॅकचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, घरच्यांसमोर लिहून द्यावा. आपल्या चांगल्यात चांगल्या पीक फ्लोच्या निम्म्याखाली आकडा, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळे, पंपाने आराम न पडणं, यातलं काहीही दिसलं की निघायचं. वाटेत स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे ४ ते १० फवारे एकेक करून, दर वीस मिनिटांनी. दवाखान्यात ऑक्सिजन ९३ ते ९५ राहील इतका लावायचा आणि प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिलिग्रॅम लगेच. गोळी असो वा शिरेतून दिलेलं स्टेरॉइड, काम करायला काही तास लागतात, म्हणून उशीर परवडत नाही. हा कोर्स ५ ते ७ दिवस, एवढ्याला हळूहळू कमी करत बसावं लागत नाही. गगनबावड्यासारख्या सुमारे ५५ किलोमीटरवरच्या रुग्णाला आम्ही पहिली गोळी घरीच ठेवायला देतो. छातीतला आवाज कमी झाला आणि माणूस मात्र थकत, पेंगुळत चालला, तर तो आराम नसतो. नळ्यांतून हवाच जात नसते. अशा माणसाला ‘शांत झोप लागावी’ म्हणून इंजेक्शन देणं जिवावर बेतू शकतं.

अटॅकनंतर आठवड्याभरात, नव्याने सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांनी परत बोलवायचं. गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न: दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्तदा त्रास? रात्री जाग? सुटकेचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्तदा? काम अडलं? चारही ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात. नसेल, तर लगेच मात्रा वाढवू नये. आधी पंप घेऊन दाखवायला सांगावं. मग हिशेब करावा: १२० मात्रांचा पंप, रोज दोनदा दोन, म्हणजे ३० दिवसांत संपायला हवा. तो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरला असेल तर औषध कमी पडत नाही, घेतलं जात नाही. मग नाक, पित्त, वजन, धूर, कामाची जागा. मात्रा वाढवायची ती या सगळ्यानंतर.

तीन महिने सगळं ठीक असेल तर स्टेरॉइडची मात्रा पाव ते निम्मी कमी करता येते. वेळ बघून करावी. जूनच्या तोंडावर किंवा गुऱ्हाळं पेटायच्या दिवसांत नको. शून्यावर मात्र आणू नये, लागेल तेव्हाची मात्रा तरी राहू द्यावी. राहता राहिले ते वर्षानुवर्षं पंपावर असलेले, पण एकही स्पायरोमेट्री न झालेले रुग्ण. त्यांची तपासणी वर सांगितलेल्या वेळा पाळून, पंप थांबवून करायची. नॉर्मल आली तर मात्रा पाव ते निम्मी उतरवून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. त्रास वाढला आणि आकडाही पडला, तर दमा सिद्ध झाला, जुनी मात्रा परत. काहीच झालं नाही तर पंप थांबवून दोन-तीन आठवड्यांनी परत फुंकायला लावायचं, आणि त्यानंतरही निदान वर्षभर नजर ठेवायची, मधला पावसाळा धरून.